गोड तेवढंच छापा म्हणे!

बऱ्याच दिवसांत इकडे फिरकले नव्हते. आज आलेय ती भांडायला. नेहमीच्या वाचकांनी (मोजून सतरा, त्यातले नऊ नातेवाईक) आधी चहा टाकावा आणि मग वाचायला बसावं. आणि न्यू जर्सीच्या दादा, हे मुख्यतः तुझ्यासाठी आहे. परवा फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, ते इथे करते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या काकूची यंदा पंच्याहत्तरी. काका सिग्नल्समध्ये होते. १९७१च्या मे महिन्यात त्यांचं लग्न झालं, जूनमध्ये रजा संपली आणि डिसेंबरात युद्ध. तेव्हापासून पुढच्या वर्षभरात काकांनी काकूला लिहिलेली एकेचाळीस पत्रं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत. बहुतेक सगळी निळी अंतर्देशीय, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ५६ एपीओ, गावाचं नाव कुठेच नाही. काका जाऊन आता सहा वर्षं झाली. या पत्रांचं छोटं पुस्तक काढू आणि पंच्याहत्तरीला घरच्यांना वाटू, ही दादाची कल्पना. उत्तमच कल्पना! टंकायचं काम माझ्याकडे आलं, कारण काकांचं अक्षर लावता येणारी घरात मीच उरले आहे.

दोन महिने रात्री बसून सगळी पत्रं टंकली आणि पाठवली. दादाचं उत्तर आलं. "मस्त झालंय! यातली पंधरा-सोळा चांगली चांगली निवड. भांडणाचा, पैशाचा भाग काढून टाक. बाहत्तरमधली ती दोन-दोन ओळींची पत्रं तर नकोतच. गोड तेवढंच ठेवू." आणि खाली नमुना म्हणून एक दुवा, 'असं झालं पाहिजे' म्हणून.

तो दुवा मी उघडला, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

अमेरिकेत राहणाऱ्यांना त्या पत्राबद्दल सांगायला नको. सलिव्हन बलू नावाचा ऱ्होड आयलंडचा एक वकील. त्यांच्या यादवी युद्धात तो दुसऱ्या ऱ्होड आयलंड पलटणीत मेजर होता, वय बत्तीस. १४ जुलै १८६१ रोजी वॉशिंग्टनजवळच्या छावणीतून त्यानं बायकोला, सेराला, पत्र लिहिलं. आठवड्याभरात बुल रनची लढाई झाली, तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय गेला, आणि काही दिवसांत तोही गेला. पत्र टपालात पडलंच नव्हतं, ते त्याच्या सामानात सापडलं. केन बर्न्सनं १९९०मध्ये यादवी युद्धावर जी माहितीपटांची मालिका केली, तिच्या पहिल्या भागाच्या शेवटी हे पत्र वाचलं जातं, मागे व्हायोलिन. सगळी अमेरिका रडली म्हणतात. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

पण मग खोड म्हणून पत्राची पूर्ण प्रत शोधून वाचली. (मूळ कागद आज कुणापाशीच नाही, नकला आहेत.) आणि लक्षात आलं की मालिकेत ते काटछाट करून घेतलंय. काटछाट करायला हरकत नाही, वेळेचं बंधन असतं. पण कापलंय काय ते बघा. सरकारसाठी, आधीच्या पिढ्यांचं ऋण फेडण्यासाठी मी सर्वस्व द्यायला तयार आहे, असं तो म्हणतो ते ठेवलंय. आणि त्याला लागूनच, 'पण' म्हणून जे सुरू होतं, ते गेलंय. तिथे तो म्हणतो की माझ्या सुखाबरोबर मी तुझंही सुख उधळून लावतोय. मी स्वतः पोरका वाढलो, तेच कडू फळ आता आपल्या मुलांच्या ताटात वाढायचं का? असा प्रश्न मनात येणं हा दुबळेपणा आहे का, असंही तो विचारतो. म्हणजे माणसाला शंका होती! आणि शंका फक्त बायकोपाशी बोलता येत होती. ती काढून टाकली की उरतं देशप्रेम आणि बायकोवरचं प्रेम, दोन्ही एकाच चवीचं, एकावर एक रचलेलं. ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, आणि त्याला कुठे काही टोचत नाही.

सेरा तेव्हा चोवीस-पंचविशीची, पदरात दोन मुलगे. तिनं पुन्हा लग्न केलं नाही, आणि ती १९१७ सालापर्यंत जगली. छप्पन्न वर्षं. व्हायोलिन काही मिनिटांत संपतं.

दादा, तू म्हणालास की तुला कशातच गोड दिसत नाही, सगळीकडे खोट काढायची सवय आहे तुला. असेल. पण मग मी तुला दुसरं एक उदाहरण देते, जिथे दोघांचीही पत्रं शिल्लक आहेत. असं क्वचित होतं. सैनिकाची पत्रं घरी ट्रंकेत राहतात, घरच्यांची पत्रं खंदकात भिजतात नाहीतर जाळली जातात. म्हणून आपल्याकडे नेहमी त्याचंच बोलणं उरतं. तिचं ऐकूच येत नाही.

व्हेरा ब्रिटन आणि रोलंड लेटन. पहिलं महायुद्ध. रोलंड तिच्या भावाचा शाळासोबती, हुशार, कविता करणारा. दोघंही ऑक्सफर्डला जायची होती. ती गेली, तो सैन्यात गेला. सुरुवातीला त्याला युद्धाचं आकर्षणच होतं, युद्धात काहीतरी उदात्त आहे असं तो तिला लिहितो. वय एकोणीस, चालायचंच.

एप्रिल १९१५मध्ये बेल्जियममधल्या प्लुगस्टीर्टच्या रानातून त्यानं तिला पत्रातून व्हायोलेटची फुलं पाठवली. (इंग्रज शिपायांना तो उच्चार जमेना, म्हणून ते त्याला प्लग स्ट्रीट म्हणायचे. आपण नाही का, इंग्रजांनी किरकी म्हटलं की वर्षानुवर्षं किरकीच म्हणतो.) खंदकातून आलेली फुलं, इंग्लंडात बसलेली प्रेयसी. याच्याहून गोड पत्र ते काय असणार? दादाच्या निवडीत हे पत्र पहिल्या पानावर येईल, रंगीत चित्रासकट.

आता पुढचं. त्याच फुलांवर त्यानं एक कविता केली होती. ती त्यानं पत्राबरोबर पाठवली नाही. तिच्या हाती ती पडली ती नंतर. ती फुलं कुठे उगवली होती ते त्या कवितेत आहे. एका छिन्नविच्छिन्न प्रेताच्या भोवती. आणि तुला ते दिसलं नाही तेच बरं, असा तिचा सूर आहे.

म्हणजे गोड पत्र खोटं होतं का? मुळीच नाही. फुलं खरी, प्रेम खरं. पण पाकिटात घालताना त्यानं त्यातलं काहीतरी मागे ठेवलं, कारण पत्र वाचणारी एकच मुलगी होती आणि तिला रात्री झोप लागायला हवी होती. त्या एका माणसासाठी केलेली ती सोय आहे. तुमच्या-माझ्यासाठी नाही. शंभर वर्षांनी आपण ते पत्र उघडतो, फुलं बघून "कित्ती छान" म्हणतो आणि प्रेताकडे पाठ करतो, तेव्हा आपण कुणाची झोप सांभाळत असतो? आपली. माझं भांडण एवढ्याशीच आहे.

पुढे रोलंड बदलत गेला. १९१५च्या सप्टेंबरातलं त्याचं एक पत्र आहे. पडक्या खंदकांत सापडलेल्या हाडांबद्दलचं. युद्धाला सोनेरी समजणाऱ्यांनी इथे येऊन हा ढीग बघावा, अशा अर्थाचं. एकोणिसाव्या वर्षी त्याला जे उदात्त वाटत होतं त्याला त्यानं स्वतःच दिलेलं हे उत्तर. ऑगस्टमध्ये त्यांचं लग्न ठरलं होतं, आणि शरद ऋतूत पत्रं कमी व्हायला लागली. मग ती कोरडी झाली. मी आता रानटी माणूस झालोय, तुझं ते जग मला परकं वाटतं, असं काहीसं तो लिहितो, आणि ती चिडून चांगलं खरमरीत उत्तर देते. ती तोवर लंडनच्या एका लष्करी इस्पितळात जखमींची शुश्रूषा करायला लागली होती, तिलाही रोज काही कमी दिसत नव्हतं. मग त्याची माफी, मग पुन्हा ओलावा. दोन माणसं एकमेकांपासून सरकताहेत आणि धरून ठेवायला धडपडताहेत हे पत्रापत्रांत दिसतं. मला विचाराल तर त्या सगळ्या पत्रव्यवहारातला हाच भाग सगळ्यात प्रेमाचा. फुलं पाठवणं सोपं असतं हो, चिडलेल्या माणसाला परत पत्र लिहायला जास्त लागतं.

नाताळात त्याला रजा मिळाली होती. ती ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात थांबली होती. २६ डिसेंबरला सकाळी फोन आला म्हणून ती धावत गेली, त्याचाच असणार म्हणून. फोन त्याच्या बहिणीचा होता. २२च्या रात्री चांदण्यात काटेरी तारांची दुरुस्ती करायला गेला असताना त्याला गोळी लागली, आणि २३ला तो गेला. वीस वर्षांचा होता.

आणि यानंतर काय झालं? ती त्याचा शेवटचा निरोप शोधत राहिली. पत्र नाही, चिठ्ठी नाही. शेवटच्या तासांत त्यानं तिचं नाव घेतल्याचं कुणी सांगितलं नाही. वर कळलं की तो मधल्या काळात कॅथलिक झाला होता, आणि एवढी पत्रं लिहिणाऱ्यानं तिला ते कळवलंच नव्हतं! जानेवारीत त्याचे कपडे घरी आले. चिखलानं आणि रक्तानं माखलेले, मातीचा आणि मेलेल्यांचा वास येणारे. त्याच्या आईला ते डोळ्यांसमोर नको झाले. हे सगळं व्हेरानं आपल्या भावाला पत्रात लिहिलं आहे, काही न झाकता.

त्या आईवर माझा राग नाही, पण तिचं एक सांगायला हवं. मारी लेटन लोकप्रिय कादंबऱ्या लिहायची. मुलगा गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१६मध्ये, तिनं निनावी पुस्तक काढलं, आपल्या लाडक्या बाळाबद्दल. सगळं हळवं, सगळं सुंदर. आईनं दुसरं काय करायचं? व्हेरानं मात्र सतरा वर्षं घेतली. 'टेस्टमेंट ऑफ यूथ' १९३३ साली आलं. तोवर तिचा भाऊ आणि आणखी दोन मित्रही त्याच युद्धात गेले होते. तिनं त्या पुस्तकात स्वतःची चीड ठेवली, त्याचा कोरडेपणा ठेवला, न आलेला निरोप ठेवला. आज कोणतं पुस्तक वाचलं जातं ते मी सांगायला नको. चौघा मुलांची आणि तिची मूळ पत्रं पुढे १९९८मध्ये छापली गेली. ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी जरूर वाचा. दोन-तीन बसण्यांत वाचा, एका बैठकीत झेपत नाही.

आता कुणी म्हणेल, हे झालं अधिकाऱ्यांचं, शिकल्या-सवरल्यांचं. बरोबर आहे. ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याच्या पत्रावर सहसा भरवसा ठेवत, साध्या शिपायाचं पत्र मात्र त्याचाच अधिकारी उघडून वाचायचा. ज्याला सकाळी सलाम ठोकायचा त्यानं रात्री आपलं प्रेमपत्र वाचायचं, विचार करा. शिवाय एक छापील कार्ड मिळायचं. त्यावर वाक्यं तयार. मी ठीक आहे. मला इस्पितळात दाखल केलं आहे. तुझं पत्र मिळालं. बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. नको असेल ते खोडायचं, खाली सही आणि तारीख. एक अक्षर जास्त लिहिलं तर कार्ड फाडून टाकणार, असं त्यावरच बजावलेलं. 'मला भीती वाटते' हे वाक्य त्या कार्डावर नव्हतं.

आणि आपले? १९१४-१५मध्ये फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांसाठी तर खास सेन्सॉरचं खातं होतं. पुष्कळांना लिहिता येत नसे, म्हणून पत्र सांगायचं, कुणीतरी लिहून घ्यायचं, सेन्सॉर वाचणार, आणि गावी ज्याला अक्षर येतं तो चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवणार. बायकोला काय लिहिणार कप्पाळ! तरी पठ्ठ्यांनी वाटा काढल्या. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरताहेत, असं एकानं लिहिलं. काळी म्हणजे आपली माणसं आणि लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळलं, म्हणून आपल्यालाही कळलं. आज त्या पत्रांतले जे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत ते सेन्सॉरनं अहवालासाठी करून घेतलेले इंग्रजी तर्जुमे आहेत. मूळ बोली बहुतेक गेलीच.

मराठी पलटणी तेव्हा बऱ्याचशा मेसोपोटेमियात होत्या, आजच्या इराकमध्ये. कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली, आणि त्यांतली कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत संपली. साताऱ्याजवळ अपशिंग्याला (मिलिटरी अपशिंगे म्हणतात ते) पहिल्या महायुद्धात गेलेल्या सेहेचाळीस जणांची आठवण म्हणून स्मारक आहे. काकूचं माहेर तिथून फार लांब नाही. लहानपणी जत्रेला जाताना एसटीतून ती मला दाखवायची, त्या बाजूच्या गावांत घरटी एक माणूस फौजेत असतो म्हणून. त्या सेहेचाळीस जणांच्या बायकांना कुणी काय लिहिलं होतं? मला एक ओळसुद्धा कधी वाचायला मिळालेली नाही. आणि जिथे एकेचाळीस पत्रं आहेत, तिथे आपण पंचवीस गाळायला निघालोय.

आता घरचं. काकूला विचारून लिहितेय, ती म्हणाली लिही.

८ डिसेंबर १९७१चं पत्र. दादाला सगळ्यांत आवडलेलं. त्यात काका लिहितात की इथे सर्व क्षेम आहे, थंडी फार आहे पण तू विणलेला स्वेटर आहे, हात जरा तोकडे झालेत, पुढच्या वेळी बोटभर लांब कर. काल खीर होती. दोनदा घेतली. तुझ्या हातची आठवण झाली. बस, एवढंच. दादा त्या खिरीवर इतका खूश की पुस्तकाचं नावच त्यावरून ठेवायचं म्हणाला.

मागच्या रविवारी बाबांचं कपाट आवरताना मला काकांचं आणखी एक पत्र सापडलं. आपल्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना लिहिलेलं. तारीख तीच, ८ डिसेंबर. तार टाकायला गेलेल्या त्यांच्या गाडीवर आदल्या दिवशी गोळा पडला होता. चौघं गेले. त्यांतला एक काकांचा रोजचा जोडीदार. कोल्हापूरकडचा. स्वयंपाक आधीच झालेला होता. जेवायला माणसं कमी आली, म्हणून खीर उरली, म्हणून दोनदा मिळाली. शेवटी लिहिलंय, "घरात कोणास सांगू नये. हिला तर मुळीच नाही."

मी हे दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे नकोच घालायला. बाबांनी मुद्दाम लपवलं होतं ना? त्यांची इच्छा."

ठीक. हा मुद्दा वजनाचा आहे, तो उडवून लावत नाही. काकांनी लपवलं. पण कुणापासून? वीस वर्षांच्या, सासरी नवख्या बायकोपासून, लढाई चालू असताना. ती लढाई १६ डिसेंबरला संपली. तिच्यानंतर पन्नासच्या वर वर्षं गेली. त्या डिसेंबरातली ती मुलगी आता आजी आहे, आणि पुस्तक वाचणार आहेत पुतणे, भाचरं, नातवंडं. आपल्यापासून कशाला लपवायचं? काका आपली काळजी करत नव्हते, त्यांना आपण ठाऊकच नव्हतो.

दुसरं कुणी म्हणेल, नवरा-बायकोचं खाजगी आहे, रागाची पत्रं चव्हाट्यावर का मांडायची? मग गोडाचीही मांडू नका. खाजगीच ठेवायचं तर सगळा डबा बंद करा, मी टंकलेलं सगळं पुसून टाकते, मला काही वाटणार नाही. पण राग तेवढा खाजगी आणि प्रेम तेवढं जाहीर, हा कुठला हिशेब? काकांनी मनिऑर्डरवरून काकूला जे फाडफाड लिहिलंय (आत्याच्या लग्नाचे पैसे काकूनं वेळेवर सासऱ्यांच्या हाती दिले नाहीत असा त्यांचा समज झाला होता) ते वाचायला वाईट वाटतं. पण पुढच्या पत्रात त्यांना खरं कळलंय आणि तीन ओळींत कान पकडलेत. आणि त्यात एक ओळ आहे, की इकडे तीन आठवडे पत्र नाही मिळालं की माणूस काहीही समजून घेतो. ती ओळ कापायची? मनिऑर्डर कापली की ती ओळही जाते.

आणि बाहत्तरमधली ती दोन-दोन ओळींची पत्रं! "पत्र मिळाले. ठीक आहे. रजेचे नक्की नाही." अशी अकरा पत्रं आहेत, एकसारखी. डिसेंबरआधी हाच माणूस चार-चार बाजू भरून लिहायचा, समासातसुद्धा उभं लिहायचा. दादा, तुला ती कंटाळवाणी वाटली. मला ती टंकताना सगळ्यात जास्त वेळ लागला.

राहिली काकूची पत्रं. ती नाहीत. काकांनी एका पत्रात लिहिलंय की तळ हलवताना खाजगी कागद बरोबर ठेवता येत नाहीत, म्हणून तुझी सगळी जाळली, राग मानू नकोस. शिवाय पहिले काही महिने काकूचं पत्र वेगळं जायचंच नाही. आजोबा लिहायचे, आणि तळाशी "चि. सौ.चा नमस्कार" एवढीच तिची हजेरी. वेगळं अंतर्देशीय आत्या गुपचूप आणून द्यायची. ती किती होती, त्यांत काय होतं, हे काकूलाही आता आठवत नाही. "काय असणार? म्हशीला रेडकू झालं, पाऊस पडला, जपून असावं," ती म्हणाली.

खिरीचं पत्र तिला दाखवावं की नाही यावर मी चार दिवस घातले. शेवटी परवा दुपारी जाऊन बाबांकडचं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावून वाचलं, घडी घातली. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. म्हणाली, "ह्यांना वाटायचं मला काही कळत नाही. अगं, सगळा वाडा रेडिओला कान लावून बसलेला असायचा. आणि खीर दोनदा घेणारा माणूस होता का तो? गोड खायचाच नाही." मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. आल्यावर म्हणाली, "छापायचं तर सगळं छापा. नाहीतर माझा डबा मला परत द्या."

तर दादा, आता भांडण माझ्याशी नाही, आईशी आहे. तिच्याशी बोल. तुझी सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ, साडेसातनंतर कर, त्याआधी ती मालिका बघते.

प्रेसवाल्याशी मी बोललेय. एकेचाळीस पत्रं आणि बाबांकडचं एक, अशी बेचाळीस, साध्या कागदावर शहाण्णव पानं होतात, रंगीत मुखपृष्ठ गाळलं तर खर्च तू म्हणतोस त्यातच बसतो. ८ डिसेंबरची दोन्ही पत्रं समोरासमोरच्या पानांवर घेतली आहेत. अकरा छोटी पत्रं एका पानावर दाटीनं बसत होती, पण मी प्रत्येकाला वेगळं पान दिलंय, ते बदलू नकोस. काकूच्या पत्रांच्या जागी काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर कळवा. आणि समारंभात वाचन करणार असाल तर मागे बासरी वगैरे नको, काकूला ऐकू कमी येतं.